चोरखिसा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सहा जाकिटं! सगळी भाऊंच्या टोळीतल्या माणसांची. प्रत्येकाला अस्तराच्या आत चोरखिसा — डाव्या काखेखाली, बाहेरून चाचपलं तरी कळू नये असा. लंबूच्या खिशाचं तोंड मुद्दाम अरुंद ठेवलं. पळताना पुड्या पडतात म्हणत होता. शेजारच्या वहिनींचा थोरला, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. "मावशी, जादू आहे तुमच्या हातात!" म्हणाला. आणि मी मेली हुरळले!

हे म्हणतात, "आपण शिवायचं. आत काय जातं ते विचारायचं नाही." कारखाना बंद पडल्यापासून सात वर्षं खाटेवर बसून हुकूम सोडतात.

६ फेब्रुवारी

दोरा आणायला कारखान्यावरून गेले. जिथं यांची हजेरी लागायची, त्याच फाटकापाशी आता गर्दच्या पुड्या विकल्या जातात. लंबू उभा होता. वेल्डिंग शिकलाय, सर्टिफिकेट आहे. पण आमच्या वस्तीचा पत्ता ऐकला की सगळे म्हणतात, नंतर कळवतो. भाऊंनी तेवढा पत्ता विचारला नाही.

मला पाहून त्यानं मान खाली घातली. मीही घातली. कोणी कोणाला लाजायचं?

९ फेब्रुवारी

लंबू गेला. भरदुपारी. फाटकापाशीच.

१० फेब्रुवारी

चहावाल्यानं सगळं पाहिलं. पलीकडच्या टोळीचे तिघे आले, सुरा दाखवून म्हणाले, माल काढ. हा म्हणत होता, "देतो, देतो!" पण हात बाहेर येईना. नुसता खेचत राहिला. त्यांना वाटलं, हत्यार काढतोय.

"खिशात अडकला हो हात," चहावाला म्हणाला. अगदी सहज. मी चहा तसाच ठेवून घरी आले.

हाताचं माप न घेता खिसा शिवला मी! शिकाऊसुद्धा असं करत नाही. आणि लिहायला लाज वाटते — पहिल्यांदा मनात आली ती माझी शिवण. तो नंतर आला.

खिसा सैल असता तर? तर मी आज निवांतपणे सातवं जाकीट शिवत बसले असते. खरी लाज ही आहे.

१३ फेब्रुवारी

भाऊंचा माणूस दोन जाकिटं टाकून गेला. परत पाठवली. कानाला खडा! हे ओरडले, "मग खायचं काय?" ओरडू देत.

१५ फेब्रुवारी

वहिनींना अजून भेटायला गेले नाही. चोराच्या मनात चांदणं. नळावर दिसल्या की बादली अर्धीच भरून पळते. परवा त्यांनी हाक मारली, तर ऐकू न आल्याचं सोंग केलं. बाई मूल गमावून बसलीय आणि मी तिच्यापासून लपतेय!

१९ फेब्रुवारी

आज वहिनीच आल्या. सगळं सांगून टाकायचंच, असं ठरवलं. "वहिनी, तो खिसा..." एवढंच तोंडातून निघालं.

त्यांनी दार लोटून घेतलं. पिशवीतून स्वतःचं जाकीट काढलं. "तेच सांगायला आले. तसाच एक याला शिवून द्या. त्याच्या जागी भाऊंनी मला बोलावलंय. बाईमाणसाची झडती घेत नाहीत म्हणे." मग जाकीट माझ्या हातात देत, "धाकट्या दोघी आहेत हो घरात."

मी त्यांच्या हाताचं माप घेतलं.