काचेच्या पेटीवरचं नाव

७ ऑगस्ट
मुलगी झाली! सातव्या महिन्यात. वजन एक किलो दोनशे. ॲम्ब्युलन्समध्ये वाशिंद येईपर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं, पुढे नाही. आता कल्याणला काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर म्हणाले, "फुफ्फुसं कच्ची आहेत. पंधरा दिवस निघाले पाहिजेत." आधीच्या दोघांनी आठवडाही काढला नाही. ही काढणार. काढलाच पाहिजे!

९ ऑगस्ट
सासूबाई सापगावहून आल्या त्या पिशवीत भाताचा कोंडा घेऊन! "पोरीला सुपात घालू, शेजारनीला देऊ, नि कोंडा देऊन परत इकत घेऊ. नाव ठेवू कोंडी. मरनाला वाटतं, कोंडाच हाय, कशाला न्या? तुजा सासरा असाच जगला." मामंजींचं नाव कोंडू, ते सत्तर वर्षं जगले — झाला पुरावा!

मी तडकले. "माझी लेक काय टाकाऊ आहे?" नवरा शेजारीच उभा, ती पिशवी धरून. अमोल नाव, नि हातात कोंडा!

१० ऑगस्ट
नाव मी कधीच ठरवलंय. क्लोई. एम.ए.ला असताना वहीत लिहून ठेवलं होतं. ग्रीक नाव, अर्थ — कोवळी पालवी. तिकडच्या धान्याच्या देवीलाही याच नावानं हाक मारत. म्हणजे आमच्या भातखाचरातलंच की! जुन्या गोष्टीत क्लोई मेंढरं राखते. रोमन कवितेत आईला शोधणाऱ्या पाडसासारखी बुजते. पुढे इंग्रज कवींनी दिसेल त्या सुंदरीला हेच नाव चिकटवलं. दोन हजार वर्षं जगलेलं नाव! माझ्या पोरीला पंधरा दिवस नाही जगवणार?

नर्सकडून पेटीवरच्या पट्टीवर लिहून घेतलं. बारशाआधी! सासूबाईंनी विचारलं, "काय लिवलंय?" मी सांगितलं. त्यांनी ते एकदा पुटपुटून पाहिलं.

१३ ऑगस्ट
नळीतून चार थेंब दूध गेलं.

१५ ऑगस्ट
एक गोष्ट दहा तारखेला मुद्दाम लिहिली नाही. एका कादंबरीतली क्लोई छातीच्या दुखण्यानं मरते. तेव्हा वाचून ढसाढसा रडले होते, तरी नाव तेच धरून बसले. जळलं मेलं शिक्षण! पेटीपाशी बसलं की तेवढंच आठवतं.

१७ ऑगस्ट
दुपारी यंत्र किंचाळलं. पोर निळी पडली. नर्स धावली. आणि मी — एम.ए. झालेली मी! — काचेवर हात आपटून ओरडत होते, "कोंडे! अगो कोंडे, श्वास घे!"

श्वास आला. मी पट्टी बदलून घेतली. बाहेर येऊन सासूबाईंच्या गळ्यात पडले. "आई, कोंडीच. उद्या बारावा दिवस. सुपात घालू, विकत घेऊ, तुम्ही म्हणाल ते करू."

१८ ऑगस्ट
सकाळी आठला गेली.

कागदावर नाव काय लिहायचं, नर्सनं विचारलं. मी "कोंडी" म्हणणार, तोच सासूबाईंनी माझा हात दाबला.

"क्लोई लिवा, बाय. आता कुनापासून लपवायची हाय?"