सोडणातला कॅमेरा

१० नोव्हेंबर १९३४, नागाव

हरीभावजी भाऊबीज आटोपून मुंबईस परतले. कॅमेरा महिनाअखेरपर्यंत माझ्या स्वाधीन. आठांपैकी पाच फोटो त्यांनीच काढले, तीन उरलेत. बजावून गेले — "वहिनी, पडून काच फुटली तर पुन्हा मागू नका."

इकडून हसून म्हणणे झाले, "बायकांच्या हातात टिकतो कसला!"

बरे. बघू.

११ नोव्हेंबर

मला तो कशासाठी हवा, हे इथेच लिहिते. कोकिळावन्संना पुण्यास नर्सचे शिक्षण घ्यायचे आहे. अर्जाबरोबर फोटो हवा, तीस तारखेच्या आत. अलिबागच्या फोटोवाल्याकडे जाऊ का, असे त्यांनी आईला विचारून पाहिले होते. सासूबाई म्हणाल्या, "विधवेचा कसला फोटो? शिवाय फोटोने आयुष्य घटते."

वन्सं चोवीस वर्षांच्या. सहा वर्षे माजघर आणि विहीर. घटायला आधी आयुष्य असावे तरी लागते!

१२ नोव्हेंबर

चंदर नारळ पाडायला आला होता. चाळीस हातांवरून धपाधप पडले, एकही फुटला नाही. देवाने नारळाला काथ्याचे जाड सोडण उगीच दिलेले नाही. दुपारी कॅमेऱ्याला जुन्या गोधडीची पिशवी शिवली, आत चहूबाजूंनी बोटभर काथ्या, गळ्यात अडकवायला पट्टा. दिडकीचा खर्च नाही.

चंदर म्हणतो, "वयनी, नारलाला कुंची शिवलीस का?"

१५ नोव्हेंबर

पडला — माझ्या हातून नव्हे. "बघू तुझी कुंची," म्हणून इकडूनच उचलला गेला, पट्टा गळ्यात न घालता, आणि ओटीवरून थेट अंगणातल्या दगडावर. उघडून पाहिले, काच शाबूत. मी एवढेच विचारले, "हात कोणाचे होते?"

जेवताना मीठ कमी होते. तरी इकडून दोनदा आमटी मागणे झाले.

१८ नोव्हेंबर

कळ दाबली, हलेना. कडेला गंज. पडण्याने नव्हे, माझ्याच शहाणपणाने. काथ्या खाडीत कुजवलेला; त्यातले मीठ दमट राहते. सुंभाशेजारी ठेवलेला विळा गंजतो, हे दरवर्षी पाहते की मी! सोडण आठवले, खाडी विसरले.

इकडे सांगितले नाही, सांगणारही नाही. काथ्या उपसून सावरीचा कापूस भरला. देवघरातले मोरपीस घासलेटात बुडवून कळ पुसली. देवाला सांगितले, पीस आता परत मिळायचे नाही, काम तुझेच चालले आहे. चौथ्या खेपेस टक्क वाजले. त्या पाहण्यात एक फोटो वाया. उरले दोन.

२० नोव्हेंबर

काढला. विहिरीमागे, भर उन्हात, पट्टा माझ्या गळ्यात. रीळ संपले की चंदर अलिबागला धुवायला नेईल.

"पदर कपाळावर घेऊ का?" वन्संनी विचारले.

"तुम्हाला दिसायचे तशा दिसा."

त्यांनी पदर मागे सारला आणि सरळ माझ्याकडे पाहिले. माझे हात हलले नाहीत.

"आईला कोण सांगणार?" मी विचारले.

"मीच."

२१ नोव्हेंबर

वन्संनी अर्ज सासूबाईंपुढे ठेवला. त्यांना वाचता येत नाही, मला म्हणाल्या, "वाच." अक्षर न् अक्षर वाचले, 'सोबत फोटो' हेसुद्धा, आवाज खाली न आणता.

"फोटो कुणी काढला?"

"मी."

जपमाळ घेऊन उठून गेल्या.

२२ नोव्हेंबर

अबोला. पूजेची फुले मीच काढली. क्षमा मागितली नाही, देवाचीही नाही.

२३ नोव्हेंबर

सकाळी सासूबाई आपण होऊन आल्या. "त्यात एक उरलाय म्हणे. ही गेली की मी कोणाकडे पाहायचे?"

तुळशीपाशी पाट मांडून बसल्या, वन्संना हाताला धरून शेजारी ओढले.

"घटायचे ते घटू दे. नीट धर. पाडू नकोस."