साहेबांचे ओके

पिंपरी, १२ जून १९५८

चि. भास्करास अक्काचे आशीर्वाद.

कारखान्यातल्या दवाखान्याची नोकरी मी सोडली. हे तुला दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून लिहिते आहे. प्रकृती ठणठणीत आहे. खोली महिनाअखेरपर्यंत आहे, पुढचे पाहू.

आमच्या साहेबांना सगळ्याला एकच शब्द पुरतो. रजा मंजूर, ओके. माल पास, ओके. ‘ऐकले, आता निघा,’ यालाही ओके. हात आत जाऊ नये म्हणून पत्रा दाबायच्या प्रेसला जाळी असते. ती तुटल्याचे मी दोनदा सांगितले. दोन्ही वेळा ओके. परवा प्रेसवरच्या कामगाराची, कोंडीरामची, दोन बोटे तिथेच गेली. मी पट्टी बांधत असताना साहेबांनी दारातूनच विचारले, “ओके?” तो बिचारा म्हणाला, “व्हय साहेब, ओके.”

काल मला म्हणाले, “बाई, जाळी शाबूत होती असा अहवाल केलाय. खाली ओके लिहा.”

“तुटकी होती. लिहीन तर तेच लिहीन,” मी म्हटले.

शांतेचा खोकला कसा आहे? नुसते ‘बरा’ लिहू नकोस.

आज दवाखान्याची किल्ली, कात्री आणि उरलेल्या पट्ट्या कारकुनाच्या हवाली केल्या. त्याने पावतीवर ओके लिहिले. ते खोडायला लावून मी त्याचे पूर्ण नाव लिहून घेतले.

तुझी अक्का