फरशीच्या फटीपाशी

दादा,

वहिनी म्हणाली, "ह्यांना विचारल्याशिवाय फट बुजवायची नाही." गवंडी बाहेर चहा पितोय. तुला विचारायची दुसरी रीत मला येत नाही, म्हणून लिहितोय. अक्षर तसंच आहे, हसू नकोस!

हडपसरच्या ह्या घरात टेकाडाच्या पोटात अर्धी घुसलेली खालची खोली तू स्वतःला घेतलीस. रात्रभर अमेरिकेची कामं, दिवसा झोप. खिडकीला काळा कागद, दाराखाली चादरीची वळकटी. मी एकदा गोव्याहून आलो (तिथली गंमत राहिलीच सांगायची) आणि दार उघडलं, तर केवढा ओरडलास! अरे, उजेड नको होता, पण हवा तरी?

कधी विडीसुद्धा न ओढणाऱ्या माणसाला फुप्फुसाचा कॅन्सर कसा? डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. घरातली हवा मात्र तपासून घ्या.

तू गेलास तेव्हा त्याच खोलीत दिवा लावून शेजारी पीठ पसरलं होतं. सकाळी बघतो तर फटीपाशी पीठ सरकलेलं, खालून कुणी फुंकर घातल्यासारखं. मावशी म्हणाली, "आला गं, येऊन गेला!" वहिनी हसली. ते हसू मला रडण्यापेक्षा भयंकर वाटलं. तेव्हापासून ती तुझ्या चिऊला घेऊन तिथेच झोपते. तुझा वास जाईल म्हणून खिडकी बंद.

माझा मित्र समीर ऑफिसांमधली हवा तपासतो. त्याने खोलीत एक डबी ठेवली, काही आठवड्यांनी नेली आणि तोंड पाडून परत आला. "रेडॉन आहे. जमिनीतून येतो. रंग नाही, वास नाही. बंद खोलीत साठतो आणि वर्षानुवर्षं छातीत गेला की घात करू शकतो." फटी बुजवायच्या, फरशीखाली पाइप घालून पंख्याने ती हवा छपरावर सोडायची, एवढाच उपाय. पीठही त्याच हवेने हललं असेल. बाथरूमचा पंखा चालू होता ना, तो आतली हवा बाहेर फेकतो, मग फटीतून जमिनीतली वर ओढली जाते.

हे वहिनीला सांगितलं. "भाऊजी, शाळा बुडवून गावं हिंडलात, आणि आता मला शास्त्र शिकवता?"

आज दुपारी चिऊ फरशीवर पालथी पडलेली दिसली, ओठ फटीला लावून. "बाबा, आज डब्यात ढोकळा होता." मग फटीवर गाल टेकवून वाट बघू लागली.

"काय करतेस गं?"

"श्श! बाबा श्वास सोडतायत. गालाला लागतो."

मी गाल टेकवला. दादा, खरंच लागला. गार. क्षणभर मीही हाक मारणार होतो तुला! वर बघतो तर दारात वहिनी. पहिल्यांदाच घाबरलेली. तेव्हा म्हणाली, विचारा त्यांना.

आत्ताच येऊन गेली. "काय म्हणाले?"

"म्हणाले, चिऊला वर झोपवा."

खोटं बोललो तुझ्या नावावर. की तूच बोललास? ती ह्या पत्राकडे बघत राहिली, मग खिडकीवरचा काळा कागद स्वतःच टराटरा फाडला आणि गवंड्याला हाक मारली.

आता चिऊ विचारतेय, "काका, पाइपातून बाबा कुठे निघणार?" आणि गच्चीचा जिना चढतेय.

पाइपचं तोंड मी खूप उंच नेईन, तिचे ओठ कधी पोचणार नाहीत इतकं. शाळेतून आली की तिचं बोलणं ऐकायला मी घरी असेन. भटकणं संपलं. तू आता ऐकू नकोस रे. जा.

तुझा,
बाळ्या