खाऱ्या पाण्यातली सटवाई

३ नोव्हें.
आधी सगळ्यांची विचारपूस. सौ., गुडघा कसा? "चालतोय." (जिभेच्या मानाने कमीच.) माझं बीपी? गोळी घेतली. कोचीला वैशू, खोकला गेला का? फोनवर विचारायचं. नोकरीला जाताना लेकीने आमच्या गळ्यात घातलेलं पांढऱ्या पट्ट्यांच्या समुद्री माशांचं जोडपं? मोठी फुगलेली; तिचा नवरा, धाकला, सकाळपासून टाकीतली खापरी घासतोय.
दुपारी खापरीवर नारिंगी अंडी! साबुदाण्याहून बारीक. आधीच्या दोन खेपा वाया गेल्या. या खेपेला एक तरी पिल्लू जगवायचं, वैशूला कबूल केलंय.

५ नोव्हें.
धाकला दिवसभर अंड्यांना पंखांनी वारा घालतो. मोठी फिरायला. सौ.: "बघा, बाप असा असतो. वैशूच्या वेळी तुम्ही मिलची ड्युटी सांगून पळालात."

८ नोव्हें.
अंडी काळपट, आत डोळे चमकतात. सौ.ने बोटांवर सहावा दिवस मोजला. टाकीपुढे पाट, कोरी वही, पेन, समई. सटवाई नशीब लिहायला येणार, दिवा विझता कामा नये. राजघाटावरून तापीचं पाणीही आणलेलं. अडवलं. "अगं, गोडं पाणी, मरतील!" "तापीमाय कोणाला बाधत नाही."

११ नोव्हें.
कालच फुटायला हवी होती. डोळे नुसते बघतात, बाहेर कोणी येईना. फोन केला. वैशू: "बाबा, अंधार झाल्यावरच फुटतात ती. लाइट बिलकुल बंद!"
आणि समई तीन दिवस अखंड! सौ. ऐकेना. शेवटी म्हटलं, "अजून जन्मच नाही, सटवाई लिहील कोणाचं?" तिने विचार केला. स्वतःच फुलाने दिवा शांत केला.
खापरी दुसऱ्या टाकीत. तासाभरात पाण्यात काचेच्या टाचण्याच टाचण्या!

१३ नोव्हें.
निम्मी गेली. बाटलीत वाढवलेले बारीक जीव खायला घालतो. ते दिसतही नाहीत, तरी सौ. विचारते, "पोट भरलं का?"

१६ नोव्हें.
आज खरा सहावा. पुन्हा पाट. दिवा काचेजवळ टेकवला नि पिल्लं झुंडीने तिकडे. उजेडाकडे जातातच, पुस्तकात वाचलंय. सौ.: "आली बघा नशीब लिहून घ्यायला." पुस्तक मिटलं.

२१ नोव्हें.
तीनच उरली. एकाच्या मानेमागे पांढरा पट्टा, खाली तळाशी उतरलंय; म्हणजे आता तगेल. वैशू सांगते, सगळे आधी नरच. पुढे त्यातला दांडगा मादी होतो. सौ. अडली: "मग बारशाला झबलं की फ्रॉक?"
दुसऱ्यालाही पट्टा दिसतोय, की चष्म्यावरचा डाग? वैशू, फोटो पाठवलाय. लवकर लिही गं. तुझी आई पाळण्यापासून… टाकीपासून हलत नाही.