हातगुण

३ जून

आले एकदाची. फाटकापासून इमारतीपर्यंत दोन्ही बाजूंना फळझाडं आहेत आणि प्रत्येक बुंध्याला पाटी, कुठल्या तुकडीनं कलम केलं त्याची. माझ्या खोल्या डेअरीच्या मागे. सकाळी दुधाचे कॅन आपटतात, त्यामुळे गजराचं घड्याळ ट्रंकेतच राहिलं. इतकी वर्षं शिकवण्यांवर काढली, एक घर संपलं की दुसऱ्या घराचा जिना. आता मला स्वतःचं टेबल आहे, टेबलाला खण आहे, खणाला किल्ली आहे. दुपारभर उगाच उघडझाप करत बसले.

प्राचार्यांनी स्वतः फिरवून दाखवलं. उंच, हळू बोलणारा माणूस, पहिल्या वर्षाच्या पोरांनाही अहोजाहो करतो. संस्थेचा इतिहास त्यांना तोंडपाठ. दुष्काळात एका गोठ्यात सुरू झालेली ही शेतकी शाळा. पहिल्या प्राचार्यांच्या बायकोनं भुसा आणि वाळल्या शेंगा आंबवून खाण्याजोग्या केल्या आणि त्यावर अख्खा मुलूख जगला. पुढे माती तपासणी आली, बियाण्यांचं कोठार आलं, डबाबंद फळांचा विभाग आला. पण सगळ्याच्या मुळाशी तळघरातलं ते विरजण. बालआहाराचे कारखाने आजही दर हंगामाला इथूनच विरजण नेतात. ते सांभाळायचं काम माझं. ऐकून छाती जरा फुगलीच.

६ जून

मुलाखतीत पदव्या कुणी विचारल्या नव्हत्या. परातीत पीठ ठेवलं आणि उघड्या हातानं आंबवण मिसळायला सांगितलं. तेव्हा हसू आलं होतं. आज उलगडा झाला. प्राचार्य म्हणाले, यंत्रानं ढवळलं की विरजण मरतं, त्याला माणसाचा हात लागतो, तोही हातगुण असलेला. तुमच्या हाताला तो आहे. आईही हेच म्हणते, फक्त पुढे जोडते, की हाताला आहे ते डोक्याला असतं तर सोनं झालं असतं.

तळघरात दगडी हौद आहे. कोपरापर्यंत हात घालून सावकाश ढवळायचं. कोमट, दाट, साईसारखं मऊ. हात काढताना ते जरा धरून ठेवतं, लहान मूल बोट धरतं तसं. गंमत वाटली.

१९ जून

वर्ग रंगात आलेत. आज एका मुलीनं विचारलं, भुसा आंबवणाऱ्या त्या पहिल्या बाईंचं पुढे काय झालं? पुस्तकात त्यांचं नावसुद्धा नाही. मला ठाऊक नव्हतं. जेवताना वसतिगृहाच्या काकूंना विचारलं. त्या इथल्या सर्वांत जुन्या, उकाड्यातही गळ्यापर्यंत शाल पांघरून बसणाऱ्या. म्हणाल्या, संस्था मोठी झाली. मी म्हटलं, मी बाईंचं विचारतेय. तेच सांगतेय, म्हणाल्या.

उजव्या तळव्यावरच्या रेषा पुसट झाल्यात. रोज आंबटात हात, होणारच.

२ जुलै

खडू बोटांतून दोनदा सुटला. मुलं हसली, मीही हसले. मग फळा पुसताना करंगळीचं नख फडक्यातच राहिलं. दुखलं नाही. रक्त नाही. नखाखालची कातडी पांढरी, भिजून फुगलेल्या दाण्यासारखी. चिमटा काढून पाहिला, तर दुसऱ्याच कुणाला काढल्यासारखं.

प्राचार्यांना दाखवलं. त्यांनी आस्थेनं पाहिलं. म्हणाले, फार वर्षांनी विरजण इतकं जोमदार झालंय.



५ जुलै

काकूंच्या खोलीवर गेले. दार उघडंच होतं. स्वयंपाकीण त्यांना भरवत होती. शाल घसरली आणि मला दिसलं. दोन्ही खांद्यांखाली काही नाही. जखमेची खूणही नाही, नुसतं गुळगुळीत.

स्वयंपाकीण निघून गेली. मी त्यांच्यासमोर खाली बसले. काकू शांतपणे म्हणाल्या, आधी एक हात देतो आपण. मग तो दिलेला हातच उरलेला मागून घेतो. मी विचारलं, मला आधी का सांगितलं नाही. म्हणाल्या, विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून इथे कुणी विचारत नाही. मलाही विचारलं नव्हतं. मला खोली आहे, दोन वेळचं आहे, मुलं वाकून बोलतात. बाहेर काय होतं माझं?

हे सांगताना त्यांच्या तोंडाला भात लागला होता. तो मी पुसला. डाव्या हातानं.

६ जुलै

राजीनामा दिला. प्राचार्य रागावले नाहीत. मला गोदामात नेलं, छतापर्यंत रचलेली बालआहाराची पोती दाखवली. म्हणाले, हे कुणाकुणाच्या पोटात जातं ते माहीत आहे ना तुम्हाला. तुमचा हात एक, पोटं लाखो. बोलताना डोळे भरून आले त्यांचे. खरंच भरून आले, नाटक नव्हतं. मला त्याचाच जास्त राग आला. समोर घडी घातलेले त्यांचे दोन्ही हात स्वच्छ होते, नखं नीट कापलेली.

मी विचारलं, तुमचा का नाही. म्हणाले, माझ्या हाताला गुण नाही हो. आणि खरोखर खंत वाटल्यासारखी मान हलवली.

९ जुलै

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर वेडंवाकडं.

सकाळी पिशवी घेऊन निघाले. कुणी अडवलं नाही, पहारेकऱ्यानं फाटक उघडून धरलं. बाहेर बस उभी होती. मी बाहेर पाऊल टाकलं आणि उजव्या हातानं फाटकाचा गज धरला. मी नाही धरला. ज्या बोटांना चिमटा कळत नाही त्या बोटांनी. एकेक बोट उचकटायला गेले तर दुसरं आवळायचं.

बस गेली. मग हात सुटला.

पहारेकरी म्हणाला, ताई, ऊन झालंय, आत चला.

११ जुलै

आई आली. प्राचार्यांनी तिच्या शेजाऱ्यांकडे फोन करून तिला कळवलं म्हणे, मुलगी आजारी आहे, या. मला न विचारता.

तिनं हात पाहिला. रडली नाही. सरळ तळघरात गेली, हौदाचा वास घेतला, चमच्याच्या टोकावर घेऊन चाटलं आणि थुंकली. म्हणाली, हे आंबलेलं नाही, हपापलेलं आहे. बिघडलेलं विरजण ओतून देतात बाई, त्याच्या पाया पडत नाहीत. एवढं शिकलात, एवढं कळत नाही?

उद्या दुपारी सगळे वर्गात असताना ती हौदात उकळतं पाणी ओतणार आहे. मी तिला सांगितलं, मला तिथे नेऊ नकोस. ती म्हणाली, ते तुझ्या डोळ्यांसमोर मेलेलं बरं, पुन्हा भीती राहायची नाही.

तिला सगळंच कळतं असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

१३ जुलै

काल लिहिता आलं नाही.

पातेलं तिनं उचललं होतं. वाफ येत होती. हौदाच्या काठापाशी गेली. मी मागे, भिंतीला चिकटून. हात पाठीमागे दाबून धरलेला—

तो सुटला.

तिचं मनगट धरलं. पातेलं फरशीवर. पाय भाजले तिचे. सोड, म्हणाली. सोड गं. मी सोडत होते. मी ओरडत होते की मी नाही, आई, मी नाही— आणि तो तिला हौदाकडे ओढत होता, तिचे दोन्ही हात खांद्यापर्यंत आत—

ती ओरडली नाही. माझ्याकडे पाहिलं फक्त.

तिला वाटलं, मीच.

१५ जुलै

आई ढवळते. दिवसभर. पायांना पट्ट्या. बोलावलं तर मान वळवत नाही.

प्राचार्य खूश. म्हणाले, एकाच रक्ताचे हात, असा योग संस्थेत पूर्वी आला नव्हता. घरात अजून कोण आहे, विचारलं.

मी नाही सांगितलं. आईनं सांगितलं, माझ्या मोठ्या बहिणीचं, ताईचं नाव. ढवळता ढवळता.

१६ जुलै

ताई, तुला फोन गेलाय. उद्या येतेयस म्हणे.

ही वही पहारेकऱ्याला देणार, तू उतरायच्या आत बसमध्ये टाक म्हणून. देईल का ठाऊक नाही. दुसरं कोण आहे.

येऊ नकोस. आई आजारी आहे म्हणतील. नाही. उतरू नकोस बसमधून. खिडकीतूनसुद्धा—

फाटकापाशी मी दिसेन. मला आणतीलच तिथे. मी हसणार नाही, लक्षात ठेव, मी मान हलवत असेन नाही नाही म्हणून. तोंडाकडे बघ माझ्या. फक्त तोंडाकडे. कारण मी तुला हात करेन. ये ये म्हणून हात करेन. तो मी नाही ताई, तो