ताडपत्रीखालचे बुलबार

३० जून, सोमवार

संपलं एकदाचं आर्थिक वर्ष! शेवटचा ट्रक पाच वाजून दहा मिनिटांनी फाटकाबाहेर गेला आणि शेडमधल्या माणसांनी भोंगा वाजवला. दरवर्षीचंच. जूनच्या शेवटच्या आठवड्यात अख्ख्या व्हिक्टोरियातल्या सुतारांना, प्लंबरांना, इलेक्ट्रिशियनना एकाएकी नवी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, हवी असते— तीस तारखेच्या आत घेतली की करातून वजा. आणि यूट घेतली की तिच्या नाकासमोर आमचा लोखंडी बुलबार आलाच. कांगारू काही तारीख बघून आडवा येत नाही.

तिमाहीचा कच्चा आकडा : सहा कोटी चाळीस लाख डॉलर. मागच्या जूनपेक्षा अकरा टक्के वर. कंपनीचा प्रमुख रसेल स्वतः माझ्या टेबलापाशी आला. "दोन आकडी, नेरिडा! सलग सहावी तिमाही!" टाळीसाठी हात वर. मी दिली टाळी— पण जरा उशिराने. त्याचा हात तसाच वर राहिला होता. का केला मी उशीर?

उद्यापासून तोंडाला कुलूप. चोवीस जुलैला आकडे जाहीर होईपर्यंत बाहेर कुणाशी अवाक्षर नाही. तसं बाहेर बोलायला आहे कोण म्हणा.

२ जुलै, बुधवार

बॅलरॅटहून बहिणीचा फोन. "कामाचं कसं काय?" "ठीक." "एवढंच?" "एवढंच." मग तिने तिच्या गुडघ्याचं सांगितलं, वीस मिनिटं. ऐकत राहिले. बरं वाटलं खरं तर.

ग्रेअम मला सोडून क्वीन्सलंडला निघून गेला त्याला चार वर्षं झाली. मी पाव अजून अख्खाच आणते, अर्धा फेकते.

३ जुलै, गुरुवार

दहाचा चहा शेडमध्ये. वरच्या मजल्यावरचं कुणी तिथे जात नाही, मी जाते. गेल्या गेल्या कुणीतरी ओरडलंच— "आली बघा इन्कम टॅक्स! बिस्किटं लपवा रे!" थानासीने त्याच्या बायकोने, वूलाने, केलेली पालक भरलेली पेस्ट्री माझ्यापुढे सरकवली. "खा पोरी. हाडं वाजायला लागलीत तुझी." माल पाठवण्याचं सगळं खातं थानासीच्या हाताखाली, एकोणतीस वर्षं.

मग त्याचा नेहमीचा प्रश्न. "ठेवू की विकू?"

कंपनीचे शहाऐंशी हजार शेअर आहेत त्याच्याकडे. दर वर्षी थोडे थोडे पगारातून घेतलेले, एकही विकलेला नाही. आजच्या भावाने साडेतीन लाख डॉलर. ऑगस्टमध्ये निवृत्त होऊन रोझबडला समुद्राजवळ छोटं घर घ्यायचंय, वूलाने पडद्यांचं कापडसुद्धा निवडलंय. विकायचे तर आहेतच. प्रश्न एवढाच, की चोवीस तारखेच्या आधी की नंतर. खालच्या माणसांना बंदी नाही, बंदी आम्हा वरच्यांना.

"मी सांगू शकत नाही, तुला माहितीये."

"मग तोंड वाचतो तुझं."

"वाच."

बराच वेळ बघत राहिला. "सिमेंटची भिंत आहे रे देवा!"

सगळे हसले. मीपण. दिवसातला हा पाव तास नसता तर?— असो. लिहायला नको.

७ जुलै, सोमवार

तिमाही अहवालातला 'पुढील वाटचाल' हा परिच्छेद अकरा वेळा लिहिला. मी : "मागणी टिकून राहील अशी अपेक्षा आहे." रसेलने "अपेक्षा" वर काट मारली. "अपेक्षा माझी आईपण करते. 'भक्कम' लिही." मी "समाधानकारक" म्हटलं. शेवटी "भक्कम" च राहिलं. काही खोटं नव्हतं त्यात, आकडे तसेच होते. तरी घरी येताना गाडीत तो शब्द मोठ्याने म्हणून बघितला.

८ जुलै

ऑफिसच्या फुटबॉल पैजेत मी शेवटून दुसरी. आणि पगार घेते तो अंदाज बांधण्याचा!

१० जुलै, गुरुवार

सकाळी शेपरटनच्या एका फिटरचा फोन चुकून माझ्याकडे आला. भडकलेला. "चाळीस बार परत पाठवून तीन आठवडे झाले, माझे पैसे कुठायत?" मी संगणकावर बघितलं. परत आलेला एकही बार नाही. जूनमध्ये एकही नाही.

खाली गेले. थानासी ट्रकपाशी होता. शेडच्या मागे, कुंपणाला लागून निळ्या ताडपत्र्या. आजवर मी त्या बघून न बघितल्यासारखं केलं असेल. एक कोपरा उचलला. बुलबार. एकावर एक, रांगाच्या रांगा. प्रत्येकाला फिटरच्या दुकानाची चिठ्ठी.

"ते मोजू नकोस," थानासी मागून म्हणाला. "ते अजून आलेच नाहीयेत."

मला आधी हसू आलं. मग त्याच्याकडून सगळं कळलं.

नव्या यूटच्या नाकात एक सेन्सर आहे, समोर काही आलं की गाडी आपोआप थांबवणारा. आमचा बार लावला की त्याला वाटतं समोर भिंत आहे, आणि गाडी किंचाळत सुटते. जूनच्या मध्यापासून फिटर बार परत पाठवतायत. रसेलने शेडमध्ये सांगितलं : संगणकावर नोंद करू नका. ऑगस्टमध्ये नवी ब्रॅकेटं येतील, ती लावून हेच बार परत रवाना. म्हणजे कागदावर ते विकलेलेच राहिले. माझ्या अकरा टक्क्यांत.

"थानासी, याचा अर्थ कळतोय ना तुला?"

तो चष्मा पुसत राहिला. "मी ट्रक भरतो, ट्रक रिकामा करतो. अर्थबिर्थ वरच्या मजल्यावर."

११ जुलै, शुक्रवार

रसेलकडे गेले. दार लावून घेतलं. त्याने नाकारलंही नाही. "चार आठवड्यांचा प्रश्न आहे. ब्रॅकेटं जहाजावर चढलीत. चार आठवड्यांसाठी सगळ्यांची झोप कशाला उडवायची?"

"पण ती विक्री नाहीये, रसेल."

"नेरिडा, दोन आकडी वाढ नाही दिसली की भाव कोसळणार. भाव कोसळला की बँक दारात. बँक आली की पहिलं कोण जाणार? तू? मी? खालची ब्याण्णव माणसं जाणार!" मग हळू आवाजात, "तू अकाउंटंट आहेस, पाद्री नाहीस."

तो वाईट माणूस नाही. त्याच्या आजोबांनी पहिला बार स्वतःच्या गॅरेजमध्ये हाताने वाकवला होता, ते गॅरेज अजून ठेवलंय त्याने. आणि ब्याण्णव माणसांचं तो खोटं बोलत नव्हता. 

१३ जुलै, रविवार

भोपळ्याचं सूप केलं, चार माणसांचं. काय करतेय मी!

करायचं काय ते स्पष्ट आहे. हिशोब तपासणी समितीच्या मिसेस पॅस्को यांना फोन. संचालक आहेत, ऐकतील. नियम सांगतो— कळल्याबरोबर. म्हणजे खरं तर गुरुवारीच. मी आधी रसेलशी बोलायचं ठरवलं, ते ठीक. पण शनिवार-रविवार?

उद्या सकाळी फोन केला की दहाच्या आत आमच्या शेअरची खरेदी-विक्री थांबेल. पुन्हा सुरू होईल तेव्हा भाव गडगडलेला. थानासीचं घर गेलं.

त्याला "वीक" म्हणणं हा गुन्हा आहे. नुसतं म्हटलं तरी. आणि माझ्या म्हणण्यावरून त्याने विकले तर तोही अडकेल. शिवाय ते शेअर कोण घेणार? असाच कुठलातरी दुसरा थानासी. बेन्डिगोतली एखादी मास्तरीण. तिला कोण सांगणार?

हे सगळं मला कळतं. तरी दिवसभर त्या पडद्यांचा रंग कुठला असेल हेच डोक्यात.

१४ जुलै, सोमवार

फोन केला नाही.

वही आणि पेन घेऊन खाली गेले. थानासीला म्हटलं, सगळे मोजायचेत. अंदाजे चालणार नाही. त्याने दोन माणसं घेऊन ताडपत्र्या काढल्या. भर हिवाळा, थंडी मरणाची, लोखंड हाताला चिकटत होतं. तो चिठ्ठ्या वाचत गेला, मी लिहीत गेले. शेपरटन चाळीस. वॉरागल बावीस. मिल्डुरा एकसष्ट. "मिल्डुराच्या या माणसाला मी तीस वर्षं ओळखतो," तो म्हणाला. "तीन बायका केल्या. एकही माल कधी परत पाठवला नाही त्याने." मी हसले. दिवसभरातलं तेवढंच हसू.

आज त्याने "ठेवू की विकू" विचारलं नाही. पहिल्यांदाच.

अडीचला तो फोन घेऊन फाटकाकडे गेला. दहा मिनिटं. मी तिकडे पाठ करून मोजत राहिले.

अकराशे चाळीस बार. साडेतीनलाच मोजून झाले होते. बाजार चारला बंद होतो. मी म्हटलं, शेवटच्या दोन रांगा पुन्हा मोजू या. थानासीने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वाचायला लागला. चार वाजून पाच मिनिटांनी मी वही बंद केली.

मोजणं गरजेचं होतं, हे खरं. पण त्यासाठी अख्खा दिवस लागत होता का? मी मोजायला दिवस घेतला की त्याला दिवस दिला? इथे तरी खरं लिहावं— दुसरं.

१५ जुलै, मंगळवार

आठ वाजता मिसेस पॅस्को यांना फोन. "किती?" "अकराशे चाळीस. साधारण बावीस लाख डॉलर." "तुम्हाला कधी कळलं?" "गुरुवारी." "मग शुक्रवारी का नाही सांगितलंत?" "खात्री करून घ्यायची होती." फोनवर कागदाची सळसळ. "ठीक. बरं केलंत."

'बरं' ऐकून मला कसंतरी झालं.

दहाच्या आत व्यवहार थांबले.

१७ जुलै, गुरुवार

दुरुस्त आकडा : सहा कोटी अठरा लाख. वाढ सात टक्के. सात टक्के काही वाईट नाही, पण बाजाराला सात टक्के ऐकायची सवय राहिलेली नाही. शिवाय ब्रॅकेटं येईपर्यंत नव्या यूटचे बार विकता येणार नाहीत, हेही सांगावं लागलं. व्यवहार सुरू झाले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत भाव चार डॉलर दहावरून दोन पंच्याण्णववर.

रसेल "रजेवर" गेलाय. जाताना मला म्हणाला, "तू चुकीचं केलं नाहीस." मग थांबून, "पण आनंद होतोय असं मात्र म्हणू नकोस." म्हटलं, होत नाहीये.

माझ्या चहाच्या मगावर कुणीतरी चिठ्ठी चिकटवली होती : पाद्रीबाई.

१८ जुलै

खाली गेले नाही. त्याने विकले असतील तर त्याच्या तोंडावर दिसेल, आणि मग मला ते वर सांगावं लागेल. विकले नसतील तर— तेही दिसेल.

२४ जुलै, गुरुवार

फोनवरून बाजारातल्या लोकांशी बैठक. रसेलच्या जागी मिसेस पॅस्को. सिडनीच्या एका फंडवाल्याने विचारलं, "पुढचं चित्र काय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लिहिलेलं वाचलं : "पुढच्या तिमाहीत विक्री घटेल. किती, ते आज आम्हाला माहीत नाही." पलीकडून कुणीतरी म्हणालं, "धन्यवाद." थट्टा होती की खरं, आवाजावरून कळलं नाही.

खालच्या एकाही माणसाला अजून काढलेलं नाही. बँकेने ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आहे. ऑक्टोबर म्हणजे तीन पगार.

पाचवा दिवस, दहाचा चहा टेबलावर. एकटी.

२८ जुलै, सोमवार

शेअरबाजाराच्या नियामकांचं पत्र. दहा ते पंधरा जुलैच्या दरम्यान ज्या ज्या कर्मचाऱ्यांनी शेअर विकले त्यांची नावं द्या. यादी तयार करायची मीच.

फाइल उघडण्याआधी हात धुऊन आले. का, कोण जाणे.

तीन नावं. गोदामातली दोन पोरं, मिळून बाराशे शेअर. एक रंगखात्यातली बाई, तिने दहा तारखेला सकाळीच विकलेले, मुलीच्या लग्नासाठी. थानासी नाही. पूर्ण नावाने शोधलं, अथानासिओस. नाही. शहाऐंशी हजार, जिथल्या तिथे. चौदा तारखेला एकही हललेला नाही.

मी दिलेला दिवस त्याला कळलाच नाही? जवळजवळ लाखभर डॉलर गेले त्याचे. अन् मी आठवडाभर त्याला तोंड दाखवलेलं नाही.

३० जुलै, बुधवार

आज गेले खाली. तो ट्रक भरत होता. निवृत्ती तीन वर्षांनी पुढे ढकलण्याचा अर्ज कालच दिलाय. मला बघून हातातलं काम थांबवलं नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी अडीचला तू फोन—"

"दलालालाच लावला होता. 'वीक' म्हणायचं तेवढं बाकी होतं." पट्टा आवळला. "मग म्हटलं, उद्या चौकशीवाले विचारणार, त्या दिवशी शेडमध्ये थानासीबरोबर दिवसभर कोण होतं?"

तो ट्रकच्या पलीकडच्या बाजूला गेला, तिथूनच म्हणाला, "वूलासमोर काही बोलू नकोस. तिला सांगितलंय मी— विकायचं विसरलो."